एका माणसाचं ताट

टोक्योतल्या कचेऱ्यांच्या वस्तीत दुपारी बाराला पाच-दहा मिनिटं कमी असतानाच खानावळींबाहेर रांग लागते. बारा ते एक ही बहुतेकांची जेवणाची सुट्टी, त्यामुळे सगळ्यांच्या भुकेची वेळ एकच. पण रांग भराभर सरकते. आत बसलेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत जेवून, पैसे चुकते करून वाटेला लागतो. काउंटरवर शेजारी-शेजारी बसलेली मंडळी एकमेकांना ओळखत नाहीत, मात्र प्रत्येकापुढचा ट्रे एकाच मांडणीचा असतो. डावीकडे भाताचा वाडगा, उजवीकडे वाफाळणारं मिसो सूप, मागे मुख्य पदार्थ, त्याच्या बाजूला हिजिकी नावाच्या काळ्या शेवाळाची किंवा गार टोफूची छोटी वाटी, आणि बशीत मुरवलेल्या मुळ्याच्या दोन-तीन चकत्या. या ठरलेल्या ताटाला तेइशोकु म्हणतात.

जपानला जाणाऱ्या मराठी माणसाने एक जेवण कशासाठी राखून ठेवावं, असं मला कुणी विचारलं, तर मी या ताटाचं नाव घेईन. सुशी आता पुण्या-मुंबईतही मिळते, रामेनही मिळतं. रोजच्या दुपारी जपानी माणूस जे जेवतो आणि जे जेवल्यावर त्याला जेवल्यासारखं वाटतं, ते मात्र तिथेच जाऊन जेवावं लागतं. आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या जपान सहलींत बऱ्याचदा रोज रात्री भारतीय जेवणाची हमी असते. दिवसभर देवळं आणि बुलेट ट्रेन पाहून रात्री पनीर खाऊन परतलेल्या माणसाने जपान पाहिला खरा, पण जपानी माणसाचं रोजचं जेवण त्याच्या वाट्याला आलंच नाही. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण हे ताट परक्या माणसासाठी फार सोयीचं आहे.

ही सोय कशी, ते पाहण्यासारखं आहे. यादीत नावं असतात ती फक्त मुख्य पदार्थांची. सबा शिओयाकी म्हणजे मीठ लावून भाजलेला सबा मासा. शोगायाकी म्हणजे आलं आणि सोया सॉसमध्ये परतलेलं डुकराचं मांस. काराआगे म्हणजे मुरवून तळलेले कोंबडीचे तुकडे. टोंकात्सु म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं डुकराचं मांस आणि शेजारी केसासारखा बारीक चिरलेला कच्चा कोबी. या नावापुढे तेइशोकु जोडलं, की भात, सूप, लोणचं आणि वाटीतला पदार्थ आपोआप येतो. तुम्ही एकच गोष्ट ठरवायची, बाकीचं खानावळ ठरवते. न वाचता येणाऱ्या लिपीसमोर उभ्या असलेल्या प्रवाशाला यापेक्षा जास्त काय हवं?

निवड कशी कळवायची, हे खानावळीवर अवलंबून आहे. जुन्या खानावळींच्या दर्शनी काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. हा धंदा उभा केला तो गिफू प्रांतातल्या गुजो गावच्या इवासाकी ताकिझो यांनी. 1932 मध्ये ओसाकात त्यांनी मेणाच्या प्रतिकृतींचा व्यवसाय सुरू केला. आता मेणाऐवजी प्लास्टिक वापरतात, आणि गुजो हाचिमान हे गाव आजही या कामासाठी ओळखलं जातं. प्रवाशाने त्या काचेचा मोबाइलवर फोटो काढावा आणि आत जाऊन बोट दाखवावं. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही, प्रतिकृती असतात त्याचसाठी.

दुसरा मार्ग यंत्राचा. मात्सुया, यायोइकेन अशा साखळी खानावळींत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. नव्या यंत्रांवर पडदा असतो, इंग्रजीचं बटण असतं, चित्रं असतात. आधी पदार्थ निवडायचा, मग पैसे भरायचे. जुन्या यंत्रात उलटं: आधी नोट सरकवायची, मग जितक्या पैशात जे येतं त्यांची बटणं उजळतात. डावीकडचं सगळ्यात वरचं बटण सहसा त्या घरच्या खास पदार्थाचं असतं, आणि काहीच उमगलं नाही तर तेच दाबावं. तिकीट घेऊन काउंटरवर ठेवलं, की बोलणं संपलं.

या यंत्रांपायी छोट्या खानावळींचा जीव मध्यंतरी मेटाकुटीला आला. 3 जुलै 2024 ला जपानने नव्या नोटा काढल्या. जुनी यंत्रं त्या ओळखेनात, आणि नवं यंत्र बसवायचं म्हणजे छोट्या दुकानाला जड खर्च. कित्येकांनी यंत्रावर चिठ्ठी डकवली की नवी नोट चालणार नाही, आम्ही बदलून देतो. प्रवाशाच्या हाती एटीएममधून बहुधा नवी नोट येते, म्हणून खिशात शंभर येनची नाणी असलेली बरी. नव्या हजार येनच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो आहेत. 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगच्या जंतूचा शोध घेणाऱ्यांपैकी ते एक. दोन वर्षांनी तीच साथ मुंबईत उतरली आणि पुढे पुण्यात तिने काय केलं, हे आपल्याला सांगायला नको. जेवणाच्या रांगेत त्या नोटेवरचा चेहरा पाहताना मला हे दर वेळी आठवतं.

जिथे यंत्र नाही तिथे माणूस असतो. आत शिरताच बोटांनी किती जण ते दाखवावं. पाणी किंवा चहा न मागता येतो आणि त्याचे पैसे नसतात. बोलावायचं तर मोठ्याने ‘सुमिमासेन’ म्हणावं. आपल्याला वाटतं जपानात सगळं कुजबुजत चालतं, पण खानावळीत हाक मारणं हीच रीत आहे. भात कमी हवा तर ‘गोहान सुकुनामे’, जास्त हवा तर ‘ओमोरी’, पुन्हा हवा तर ‘ओकावारी’. उठताना ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणावं. टिप ठेवू नये. ठेवलीत तर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतील.

आता ताट समोर आलं. मराठी पानाला जसं डावं-उजवं असतं, चटणी-कोशिंबीर एका अंगाला आणि भाजी दुसऱ्या अंगाला, तसंच इथेही आहे, आणि चुकून उलटं मांडलेलं कुणालाही खटकतं. भात डाव्या हाताशी, कारण तो वाडगा उचलून हातात धरायचा असतो. सूपही वाडग्याला तोंड लावून प्यायचं, चमचा येत नाही. शाळेत मुलांना शिकवत आले की एक पदार्थ संपवून दुसऱ्याकडे वळू नका, भात, सूप आणि मुख्य पदार्थ यांत फिरत राहा. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. आपणही वरण-भाताच्या घासामध्ये लोणच्याला बोट लावणारे लोक. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: चॉपस्टिक भातात उभ्या खोवू नयेत. मृताला भात ठेवतात तो तसा.

एक सूप आणि तीन पदार्थ ही या जेवणाची जुनी घडण. डिसेंबर 2013 मध्ये युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला, म्हणजे वाशोकुला, अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा जगासमोर ठेवलेल्या चित्रातही हीच घडण होती. पण खानावळीतल्या ताटाला वारशापेक्षा उपासमारीचा आणि टंचाईचा इतिहास अधिक आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

1657 च्या मेइरेकी आगीत एदो शहर, म्हणजे आजचं टोक्यो, बेचिराख झालं. शहर पुन्हा बांधायला मजूर लोटले. त्यांना शिजवलेलं अन्न हवं होतं. त्या काळात आसाकुसाच्या देवळासमोर चहात शिजवलेला भात, टोफूचं सूप, उकडलेल्या भाज्या आणि कडधान्य असं एकत्र ताट मिळू लागलं. एदोतल्या खानावळींची सुरुवात तिथून मानतात. पुढे 1918 मध्ये तांदळाचे भाव कडाडले. तोयामाच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतल्या बायका तांदूळ बाहेर पाठवायला विरोध करत रस्त्यावर आल्या, दंगे देशभर पसरले, आणि पंतप्रधान तेराउची यांचं मंत्रिमंडळ पडलं. त्यानंतरच्या काळात ओसाका-टोक्योसारख्या शहरांनी स्वस्त सार्वजनिक भोजनगृहं काढली. 1941 मध्ये युद्धामुळे मोठ्या शहरांत तांदळाचं रेशन आलं आणि बाहेर जेवायचं तर सरकारी कुपन लागू लागलं. कुपन दिलं तरच भात. युद्धानंतरही हे बरीच वर्षं चाललं, आणि अशा कुपनवाल्या खानावळींतूनच सामान्य माणसाच्या पुष्कळ खानावळी उभ्या राहिल्या.

आजच्या मोठ्या नावांच्या मुळाशी हाच सामान्य माणूस आहे. ओतोया ही साखळी 1958 मध्ये टोक्योच्या इकेबुकुरो भागात सुरू झाली ती सगळं काही 50 येनला देणारी खानावळ म्हणून. यायोइकेन हे नाव त्याहून जुनं: 1886 मध्ये टोक्योच्या कायाबाचोत निघालेल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या एका भोजनगृहाचं. ओतोयाची गोष्ट मला इथे थोडी सांगायची आहे. या साखळीचा बाणा असा, की अन्न त्या त्या शाखेतच शिजेल, बाहेरून शिजवून आणलेलं नुसतं गरम करून वाढायचं नाही. 2020 मध्ये कोलोवाइड या मोठ्या कंपनीने ती ताब्यात घेण्याचा घाट घातला आणि खर्च वाचवायला मध्यवर्ती स्वयंपाकघराचा प्रस्ताव मांडला. व्यवस्थापनाने जोरदार विरोध केला. भागधारकांच्या लढाईत सप्टेंबर 2020 मध्ये कोलोवाइड जिंकली. मुळा कुठे किसायचा आणि भाजी कुठे चिरायची, हा एखाद्या देशाच्या शेअर बाजारातला वाद होऊ शकतो, हे मला विलक्षण वाटतं. जेवणाऱ्याने हा प्रश्न गंभीरपणे घ्यायलाच हवा.

कारण या ताटाला आपण घरचं म्हणतो खरं, पण जपानी घरात ते आता रोज होत नाही. मासा भाजायचा तर छोट्या फ्लॅटभर वास राहतो, जाळी घासावी लागते. एकट्या माणसाने चार वाट्यांचा स्वयंपाक करायचा कुणासाठी? 2020 च्या जनगणनेत जपानच्या 38 टक्के घरांत एकच माणूस राहत होता. 1962 मध्ये दर माणशी वर्षाला 118 किलो तांदूळ लागायचा, आता तो 50 किलोच्या आसपास आला आहे. 2011 च्या सुमारास माणशी मांसाचं प्रमाण माशाच्या वर गेलं. घरातून जे उठलं ते खानावळीत जाऊन बसलं. भाजलेला मासा, गोबोच्या मुळाची किनपिरा, बटाटा आणि मांसाची निकुजागा हे सगळं आज कित्येक जपानी लोक बाहेरच खातात. म्हणजे प्रवाशाच्या पुढ्यात येतं ते पाहुण्यांसाठी सजवलेलं जेवण नसतं. शेजारच्या खुर्चीवरचा स्थानिक माणूसही घरी जे मिळत नाही त्यासाठीच तिथे आलेला असतो.

आणि तो बहुधा एकटाच आलेला असतो. हे ताट मुळात एका माणसाचं आहे. वाटून खायची थाळी मध्ये नाही, दोन जणांसाठी कमीत कमी अमुक मागवा असा नियम नाही. ओतोयाच्या शाखा तळघरात किंवा दुसऱ्या मजल्यावर असण्याचं एक कारण असं सांगतात, की एकट्या बाईला रस्त्यावरून कुणी पाहील या संकोचाशिवाय जेवता यावं. एकट्या फिरणाऱ्या आपल्याकडच्या मुलींनी हे ध्यानात ठेवावं. जपानात एकटीने जेवायला बसल्यावर कुणी वळून पाहत नाही. ‘कोदोकु नो गुरुमे’ ही मांगा, म्हणजे चित्रकथा, आणि 2012 पासूनची तिची टीव्ही मालिका एवढी आवडली, तिचा नायकही कामासाठी गावोगाव फिरणारा आणि भूक लागली की दिसेल त्या खानावळीत एकटा शिरणारा माणूस आहे.

या एकटेपणावर एका खानावळीने काढलेला तोडगा मात्र वेगळाच आहे. टोक्योच्या जिंबोचो या पुस्तकांच्या वस्तीजवळ मिराइ शोकुदो नावाची बारा खुर्च्यांची खानावळ आहे. गणित शिकलेल्या आणि पूर्वी संगणक अभियंता असलेल्या कोबायाशी सेकाइ यांनी ती 2015 मध्ये उघडली. रोज एकच ताट, निवड नाहीच. तिथे 50 मिनिटं काम केलं की एक जेवण फुकट. आणि ते जेवण स्वतः न जेवता दुसऱ्या कुणासाठी दाराशी चिठ्ठी लावून ठेवता येतं. गरज असेल त्याने ती काढून आत यावं; गरज का, ते कुणी विचारत नाही.

हा सगळा डोलारा भातावर उभा आहे, आणि भातच महागला. 2023 च्या कडक उन्हाळ्याने पीक बिघडलं, लागवड कमी ठेवण्याचं सरकारी धोरण कित्येक दशकांचं, 2024 च्या ऑगस्टमध्ये मोठ्या भूकंपाच्या इशाऱ्याने लोकांनी साठे केले आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या. 2025 च्या वसंतात 5 किलोच्या पिशवीची सरासरी किंमत 4,200 येनच्या वर गेली, म्हणजे वर्षापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी एका भाषणात सांगितलं की मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थक देतात. त्यांना राजीनामा द्यावा लागला.

यायोइकेनमध्ये भाताची ओकावारी बहुतेक ठिकाणी फुकट, आणि पुष्कळ शाखांत भाताच्या यंत्रातून हवा तितका भात आपणच वाढून घ्यायचा. 2019 मध्ये काही शाखांत या दुसऱ्या वाडग्याचे पैसे घेऊन पाहिले, कारण न घेणाऱ्यांना वाटायचं की आपण दुसऱ्यांच्या भाताचे पैसे भरतो. त्यावर मोठी चर्चा झाली. माझं मन विचाराल तर भात मोजू नये या बाजूचं आहे. जेवायला बसवून भात मोजणं कुणालाच बरं वाटत नाही.

मासाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. शरद ऋतूत सान्मा हा निमुळता चंदेरी मासा अख्खा भाजून किसलेल्या मुळ्याबरोबर वाढतात. 2008 मध्ये जपानने तो सुमारे साडेतीन लाख टन पकडला होता, 2022 मध्ये जेमतेम 18 हजार टन. सबा आपल्या बांगड्याच्याच कुळातला, त्यामुळे कोकणातल्या माणसाला त्याची चव लगेच ओळखीची वाटते. भाजलेली कुरकुरीत कातडी, खाली तेलकट मऊ मांस, लिंबाची फोड. पण खानावळीतला पुष्कळसा सबा आज नॉर्वेहून येतो.

शाकाहारी वाचक इथवर थांबले असतील, तर त्यांच्याशी सरळ बोलायला हवं. तेइशोकुचं ताट शुद्ध शाकाहारी मिळणं कठीण आहे. मिसो सूपचं पाणी दाशीचं असतं, आणि दाशी बहुधा कात्सुओबुशीची: धुरावून, वाळवून लाकडासारख्या कडक केलेल्या माशाच्या कापट्यांची. हिजिकीत ती असते, भाज्या शिजवायला ती असते, गार टोफूवर त्याच कापट्या भुरभुरवलेल्या असतात, नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनबरोबरच्या सॉसच्या पुडीतही बहुधा ती असतेच. मांस नको म्हटलं की मासा वगळतील, असं धरून चालू नका. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु’ हे वाक्य कागदावर जपानीत लिहून न्यावं आणि उत्तर नकारार्थी आलं तर वाईट वाटून घेऊ नये, कारण तो नकार प्रामाणिक असतो. कापट्यांशिवाय टोफू आणि नुसता सोया सॉस, भात, नोरी म्हणजे शेवाळाचे वाळवलेले पातळ कागद, सॉसऐवजी मीठ लावून भाज्यांचा तेंपुरा, एवढ्यावर एक दुपार निभते. मनसोक्त जेवायचं तर कोयासानच्या मठांत राहावं. तिथे भिक्षूंचं शोजिन र्‍योरी मिळतं, आणि त्यात दाशी शेवाळाची आणि मश्रूमची असते. टोक्योत राहणारी पुष्कळ भारतीय कुटुंबं निशी-कासाइ भागात एकवटली आहेत, तिथे भारतीय वाणसामान आणि जेवण दोन्ही मिळतं. पण तो वेगळा विषय.

मासे-मांस खाणाऱ्याने मात्र गाव बदललं की ताट बदलून पाहावं. नागोयात टोंकात्सुवर काळसर लाल मिसोचा दाट रस ओततात. मियाझाकीत चिकन नानबान, म्हणजे आंबटगोड रसात बुडवलेलं तळलेलं चिकन आणि वर टार्टर सॉस. होक्काइदोत उघडून वाळवलेला होक्के मासा बशीबाहेर डोकावतो. हिरोशिमाला थंडीत तळलेले कालव. ओसाकात ओकोनोमियाकीबरोबर भात येतो आणि तिथले लोक तो आवडीने खातात. ओकिनावात तर यादीत नुसतं ‘मिसो सूप’ लिहिलेलं मागवलं तरी भाज्या, टोफू आणि अंडं घातलेला मोठा वाडगा भातासकट पुढे येतो.

खर्चाचं म्हणाल तर दुपारचं ताट साधारण 800 ते 1,200 येनला पडतं. साखळी खानावळींत सकाळी साधारण 11 पर्यंत याहून स्वस्त ताट असतं: भाजलेला सामन, कच्चं अंडं, नात्तो, नोरी, सूप, भात. हॉटेलातल्या ब्रेड-ज्यूसपेक्षा ते केव्हाही सरस.

पण जमलं तर साखळी सोडून एखाद्या गल्लीतल्या खानावळीत जा. तिथे बहुधा साठी-सत्तरीचं जोडपं असतं, तो चुलीपाशी, ती बाहेर. मुलं दुसऱ्या गावी नोकरीला असतात, आणि पुढे कोण चालवणार या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी उत्तर नाही. अशी दुकानं दर वर्षी बंद होत आहेत. तिथे बहुधा कार्ड चालत नाही, इंग्रजी यादी नसते, चार जणांच्या टेबलावर एकट्याने बसू नये. दोनच्या सुमारास शेवटची ऑर्डर घेतात आणि संध्याकाळपर्यंत दार लावून घेतात. एक वाजून गेल्यावर पोहोचा. कचेरीवाले परतलेले असतात, खुर्ची रिकामी असते आणि बाईंना तुमच्याकडे पाहायला सवड असते. यादी उघडूच नका. त्या दिवशीचं ताट काय आहे, एवढंच विचारा: ‘क्यो नो हिगावारी वा नान देसु का?’